सावडीतला स्टँड

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं ती गावभर सांगत असते — सांगू दे. हे सात वर्षं पोटात आहे आणि तिला वासही लागलेला नाही.

तुला सांगतो, कारण तू परवा सहज विचारलंस. एक ट्रायपॉड घ्यायचाय, व्हिडिओ कॅमेऱ्याला चालावा, दुर्बिणीलाही चालावा, आणि खिशाला परवडावा. मी नेहमीसारखा फडाफडा बोलायला लागलो आणि मधेच चहा सांगतो म्हणून उठलो. आठवतं? चहा मला नको होता गड्या. मला तुझ्यासमोरून उठायचं होतं.

आधी तुझं उत्तर देऊन टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. खोक्यावर किती किलो झेलतो ते छापलेलं असतं, त्याच्यावर जाऊ नकोस. छापणाऱ्याच्या बापाचं काय जातं? कॅमेरा चढव, पायाला टिचकी मार, आणि थरथर किती वेळ टिकते ते बघ. व्हिडिओ घ्यायचा तर वरचं हेड एकसारखं, मऊ फिरलं पाहिजे, झटका देता कामा नये. आणि स्टँडला वजन पाहिजे. दुर्बिणीचं उलटं. दुर्बिणीतून माणूस उभ्यानं बघतो, म्हणून स्टँड डोळ्यापर्यंत आला पाहिजे, तोही मधली दांडी वर न काढता, कारण दांडी काढली की सगळं डुलतं. डोंगरात न्यायचा तर हलका हवा. दुर्बिणीच्या पुढच्या बाजूला एक झाकणाचा स्क्रू असतो, तो काढला की आत आटे असतात, तिथं काटकोनातली पट्टी बसते. ती वेगळी घ्यावी लागते, विसरू नकोस. आता हे सगळं थोड्या पैशात एकाच स्टँडमध्ये मिळत नाही. कशावर तरी पाणी सोडावं लागतं. कुणाच्या गरजेवर सोडायचं, एवढंच ठरवायचं असतं.

बघ, किती सरळ सांगितलं. हे सगळं मला तेव्हाही येत होतं. तेच तर!

शेख गुरुजी तुला माहीत नसतील. पाटोद्यात आमच्या पुढच्या गल्लीत राहतात. चौथीला मला ते होते. सहा फुटांचा माणूस, शाळेच्या दारातून वाकून आत यायचा. रिटायर झाल्यावर लोक शेती धरतात, राजकारण धरतात. यांनी मोर धरले. जावयानं बाहेरदेशातून एक वजनदार दुर्बीण आणून दिली होती. पावसाळ्याच्या महिन्यांत फटफटीवर डोंगराच्या पायथ्याला जायचं, तिथून वर चढायचं, मोर पिसारा फुलवतात ते बघायचं, आणि सकाळी नऊच्या आत घरी. त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणतो. चाची म्हणायच्या, "चाळीस सालांत माझ्याकडं एवढं न्हाई बगितलं यांनी." गुरुजी म्हणायचे, "तू पिसारा कुठं फुलवलास?" असं ते घर होतं.

मग त्यांचे हात कापायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे वाढतच जाणार. गुरुजी माझ्या स्टुडिओत येऊन बसले आणि म्हणाले, "संजू, माझ्या दुर्बिणीत बसलेला मोरबी नाचतो बघ." मी हसलो. ते नाही हसले. म्हणाले, डोळे चांगले हायत, गुडघे चांगले हायत, अजून तीन-चार पावसाळे निघतील. हात तेवढे कुणीतरी धरून ठेवायला पाहिजेत. तीन-चार पावसाळे. त्या माणसानं मागितलं ते एवढंच.

आणि मला काय हवं होतं? मलाही स्टँडच हवा होता. आपल्याकडं लग्नात शूटिंगवाल्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवतात ते तू बघितलंच असशील. मांडवासमोर ट्रॉली उभी करायची, वर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या आजूबाजूला निम्मं गाव. दिंद्रुडच्या एका लग्नात ऐन शेवटच्या मंगलाष्टकाला माझ्या जुन्या स्टँडचा चिकटपट्टीनं बांधलेला पाय सटकला. अक्षता पडल्या तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात नवरा नाही, नवरी नाही, एका पाहुण्याचा फेटाच फेटा. नवरीच्या मामानं भर मांडवात माझी सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली. त्यानंतर दोन सुपाऱ्या परत गेल्या. मी घाबरलो होतो — पण हे मी काहून सांगतोय? स्वतःची बाजू मांडायला? नको. पुढं ऐक.

सावडीची कल्पना गुरुजींची. एक बैल तुझा, एक बैल माझा, जोडी करून दोघांचं रान करायचं, तशी. अर्धे पैसे त्यांचे, अर्धे माझे. लग्नसराईत स्टँड माझ्याकडं, पावसाळ्यात त्यांच्याकडं. दोन्ही हंगाम एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत! माझा बाप म्हणायचा, सावड टिकवायची असेल तर पाऊस आल्यावर आधी दुसऱ्याच्या रानात पेरणीची पाभर घालावी. बाप तसं करायचाही.

मी संभाजीनगरला निघालो त्या दिवशी गुरुजी सकाळीच आले. हातात सुतळीचा तुकडा. एक टोक टाचेखाली दाबून, डोळ्यापाशी गाठ मारलेली. चाचीनं मारून दिली असणार, त्यांच्या हातानं ती बसली नसती. म्हणाले, "हितपर्यंत यावा, आणि मला एकट्याला उचलावा. बाकी तुला कळतं."

बाकी मला कळतं!

दुकानात आमच्या ऐपतीतले दोन स्टँड निघाले. किंमत जवळपास सारखी. पहिला उभा केला, सुतळी लावली, गाठीच्या वर चार बोटं गेला. एका हातानं उचलला. हेड मात्र जरा अडकून फिरायचं. दुसरा जड. दुकानदारानं काउंटरवर ठेवला तेव्हा काच वाजली. त्याचं हेड मी फिरवलं आणि — काय सांगू — परत फिरवलं, परत परत फिरवलं. मग सुतळी लावली. गाठ वीतभर वर राहिली.

पहिल्या स्टँडवर माझं शूटिंग झालंच नसतं, असं नाही. थोडा झटका बसला असता, हाताला सवय झाली असती. माझं पोट काही मारलं जात नव्हतं. आणि उंचीशी माझं देणंघेणंच नव्हतं, मला ट्रॉली होती. गुरुजींना ट्रॉली नव्हती.

दुकानदारानं विचारलं, "ही सुतळी कुणाच्या मापाची हो?" म्हणलं, "कुणाच्या न्हाई. तो जड बांधा."

येताना एसटीच्या खिडकीतून सुतळी टाकून दिली. घरात सापडली असती तर कुणी विचारणार होतं? कुणीच नाही. तरी टाकली. म्हणजे मला सगळं कळत होतं, नाही का?

गुरुजींना सांगितलं, आपल्या पैशात यापेक्षा उंच येतच नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ — पण नाही, वर आणखी सांगितलं, की जे उंच येतात ते वाऱ्यानं आडवे होतात, दुर्बीण फुटली तर काय करता? ती दुर्बीण त्यांना जिवापाड होती हे मला माहीत होतं, आणि बरोबर तिथंच मी बोट ठेवलं. त्यांनी माझा खांदा दाबला. "बरं झालं, तू गेलतास. मी गेलो असतो तर फसलो असतो."

पावसाळ्यात स्टँड त्यांच्याकडं गेला. ते ओझं खांद्यावर घेऊन चढताना माणूस दोनदा बसायचा, हे मला चाचीनं सांगितलं. वर गेल्यावर वाकून बघायचं. सहा फुटांचा माणूस, कंबरेत मोडून, तासतासभर. घरी आल्यावर चाची कंबर शेकायच्या. तक्रार? छे! म्हणायचे, मोरापुढं जरा वाकलं तर काय बिघडतं? एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलतो. त्यांना तसं वाकलेलं बघवेना मला. तेव्हाच सांगायला हवं होतं, डोंगरात आम्ही दोघंच होतो. मी काय बोललो माहीत आहे? म्हणलं, गुरुजी, तिन्ही पायांखाली चपटे दगड घ्या की, वीतभर उंची वाढंल. ते खूश झाले. म्हणाले, डोकं हाय बेट्याला.

हो, दगडाची अक्कलही माझीच.

दुसऱ्या वर्षी ओल्या उतारावर एक दगड सरकला. स्टँड जड, म्हणून नुसता पडला नाही, दुर्बीण खाली घेऊन खडकावर आदळला. नळ्या वाकड्या झाल्या. त्यानंतर तिच्यातून एका मोराचे दोन दिसायचे. पुण्याला पाठवून बघितली, जमलं नाही. जावई म्हणाला, दुसरी आणतो. गुरुजी नको म्हणाले, पाडणाऱ्याच्या हातात कशाला द्यायची. ते डोंगरात गेले नाहीत पुन्हा. तीन-चार पावसाळ्यांतला दीड झाला होता.

आता ऐक. इथवर ठीक होतं — म्हणजे ठीक नव्हतं, पण माणूस स्वार्थी असतो, चुकतो, असं काहीतरी म्हणून झोप तरी येते. पुढचं म्हणता येत नाही.

दुर्बीण पडली त्याच दिवशी ते माझ्याकडं आले. पायजमा चिखलानं भरलेला, कोपर सोललेलं. स्टँड दोन्ही हातांनी उराशी धरलेला, आणि तो त्यांच्या हातांबरोबर कापत होता. म्हणाले, "संजू, सावडीच्या वस्तूला खरचटलं माझ्यामुळं. माफ कर बेटा." एका पायावर ओरखडा होता, नखाएवढा. तो त्यांनी बोट लावून मला दाखवला.

आणि मी त्यांना माफ केलं.

खरंच केलं. म्हणलं, असू द्या गुरुजी, होतं असं. चहा पाजला. मोठ्या मनाचा माणूस झालो मी त्या दिवशी. जाताना म्हणाले, आता हा तुझ्याकडंच राहू दे, माझं काय काम त्याचं. अर्धे पैसे परत घ्या म्हणलं, तर कान पकडून दाखवले त्यांनी, की नुकसान मी केलं, पैसे कसले घेऊ?

स्टँड फार चांगला निघाला. तो घेतल्यापासून एकही फ्रेम हलली नाही माझी. युसूफ वडगावपासून बोलावणी येतात. लोक विचारतात, हात इतका स्थिर कसा काय? लई संताप येतो रे. त्यांचा नाही, माझाच. आणि संताप येऊनही सांगत नाही मी. गुरुजी पन्नास पावलांवर राहतात. कुणाला कॅमेरा घ्यायचा असला की माझ्याकडं धाडतात, म्हणतात, संजूला विचारा, तो फसू देत न्हाई. मी रस्ता बदलून जातो. अशी वर्षं काढली.

मागच्या महिन्यात त्यांनी निरोप धाडला. गेलो. आता पेला चाची धरतात, तेव्हा चहा ओठाला लागतो. दुर्बीण शाळेला द्यायची होती, सोबत हेडमास्तरांना एक पत्र, आणि लिहायला हात नव्हता. म्हणाले, तू लिही. मी पेन काढला. त्यांनी सांगत जावं, मी लिहीत जावं. दुर्बीण जुनी आहे. हिच्यातून एका वस्तूच्या दोन दिसतात. दुर्बीण बनवणाऱ्याचा यात दोष नाही. ती माझ्या निष्काळजीपणामुळे पडली, हे मुलांना आधी सांगावे, म्हणजे मुले वस्तू जपतील.

मी थांबलो. चाची दाराशी होत्या. गुरुजी म्हणाले, "लिहिलंस का?"

लिहिलं. एक शब्द बदलला नाही. मग वाचून दाखव म्हणाले, तर मोठ्यानं वाचूनही दाखवलं. त्यांनी दोन्ही हातांनी पेन धरून खाली सही केली. ती ओळखू येत नाही, नुसत्या रेघा आहेत. वरचं मात्र स्वच्छ वाचता येतं. ते माझ्या अक्षरात आहे.