तपकिरी केंद्रकं

सूक्ष्मदर्शकाखाली आज जे दिसलं ते सुंदर होतं, हे आधी कबूल करतो. फिकट निळ्या पेशी, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या केंद्रकात गच्च साचलेला तपकिरी रंग. इतकी वर्षं पॅथॉलॉजीत काचपट्ट्या रंगवतोय, त्यामुळे या रंगाचा अर्थ मला कळतो. तिथे एक राखणदार प्रथिन साठलेलं असतं. धडधाकट असताना त्याचा एक भाग डीएनएला धरतो, आणि दुसरा भाग पेशींची वाढ थांबवणाऱ्या जनुकांना जागं करतो. बिघडलं की ते नुसतंच साठत जातं. पहारेकरी सगळे जागेवर असतात, पण हाक कुणीच देत नाही. पेशी वाढत राहतात.

ही काचपट्टी माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची. छातीतल्या गाठीबद्दल उन्हाळ्यात तिने पहिल्यांदा मलाच विचारलं होतं. गाठ टणक आहे, हलत नाही, हे ऐकूनच मी आतून गार पडलो होतो. पण तिच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. "चरबीची असेल. कार्य उरकू दे, मग बघू," मी म्हणालो. कार्य उरकलं, गौरी-गणपती झाले, दिवाळीही झाली. मी विषय काढला नाही. शेवटी तीच तपासणीला आली.

बाहेर बाकावर ती डबा उघडून बसली होती. "ये, थालीपीठ खा. काचेत डोळे घालून घालून म्हातारा झालास."

मी उभ्याउभ्याच म्हणालो, "सुने, मला तेव्हाच शंका आली होती."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तुझा चेहराच उतरला होता, दादा. तू बोलशील म्हणून थांबले."