पुढे वाचा

थोडक्यात बोलण्याचा परळच्या आमच्या काकांइतका शत्रू या मुंबईत दुसरा जन्मला नसेल. हे काका माझ्या नात्यातले नव्हेत. पदवी घेऊन मी कणकवलीहून नोकरीला आलो तेव्हा केवळ गाववाला म्हणून त्यांनी आणि काकींनी मला आपल्या एका खोलीच्या संसारात दोन वर्षं ठेवून घेतलं. डॉक्टरांनी "कुठे दुखतंय?" विचारलं, की काका गिरणीत पाय कसा घसरला तिथपासून सुरुवात करत. काकी म्हणत, "डॉक्टरानु, तोपर्यंत दुसरो पेशंट बघून घेवा." कुणी भायखळ्याच्या बाजाराचा रस्ता विचारला तर काका त्याला थेट बाजारापर्यंत सोडून येत; त्याआधी त्यांचं सांगून होतच नसे.

ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना ब्लॉग काढून दिला. चाळ सोडून बदलापूर-विरारला गेलेले जुने शेजारी तो फीडवर वाचत. म्हणजे काकांनी लिहिलं, की ते आपोआप त्यांच्या मोबाइलवर जाऊन पडे, अख्खंच्या अख्खं. मला वाटलं, लोकांनी ब्लॉगवर यावं, चार शब्द लिहावेत. म्हटलं, "काका, फीडमध्ये पहिल्या तीन ओळीच पाठवू. खाली 'पुढे वाचा'." काका भडकले. "जेवायला बोलवायचं आणि दारातच आमटीची वाटी दाखवून म्हणायचं, आत आलात तर भात? शोभतं काय रे?" पण शेवटी म्हणाले, "तू शिकलेलो. तुका कळता." त्याच दिवशी मी फीड तीन ओळींचं करून टाकलं. ते वाक्य तेव्हा मला बक्षीस वाटलं होतं.

पुढच्या वर्षी काकी गेल्या. काकांनी त्यांच्यावर अठरा लेख लिहिले, थेट ब्लॉगच्या चौकटीत. प्रत ठेवायची असते, हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही. ब्लॉगची सेवा बंद होत असल्याची सूचना माझ्या जुन्या ईमेलवर पडून राहिली; मी ती पाहिली तेव्हा सगळं पुसलं गेलं होतं. बदलापूरच्या एका शेजाऱ्यांनी आपल्या मोबाइलमधलं फीड मला पाठवलं. गिरणीचे, चाळीचे जुने लेख शब्दन् शब्द शाबूत. काकींवरचे अठराही तीन-तीन ओळींचे.

ते छापून मी काकांकडे गेलो. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा लावून ते एकेक वाचत गेले. एका लेखाची तिसरी ओळ होती, 'लग्नानंतर ही खोली पहिल्यांदा बघितली तेव्हा ती उंबऱ्यातच थांबली आणि मला म्हणाली'. तिथेच तुटलेली.

"काय म्हणाल्या काकी?" मी वही उघडून विचारलं.

काकांनी त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "लिहिताना बरोब्बर आठवलं होतं रे."