यादीतलं सातवं नाव

करंजाड्यात नंदिनी शिगवणला लोक ओळखतात ते तिच्या हातामुळे. पनवेलच्या एका लॅबमध्ये ती एकोणीस वर्षं रक्त काढते आहे. रडणारं पोर असो की शीर न सापडणारी आजी, तिची सुई पहिल्याच खेपेला लागते. ही बाई कशाला घाबरत नाही, असं सोसायटीत सगळे म्हणायचे. त्या मंगळवारी सकाळी मात्र तिला हातातला कप बशीत ठेवता येईना.

दारात दोन पोलीस उभे होते, साध्या कपड्यांत. त्यातल्या बाईंनी ओळखपत्र दाखवलं. मनस्वी ठाकूर, सायबर शाखा.

"इंटरनेट तुमच्या नावावर आहे ना?"

"हो. का?"

"एका मुलीचे फोटो कुणीतरी घाणेरडे करून पाठवतंय. तिच्या ऑफिसात, तिच्या वडिलांना. चार वेळा गेलेत, आणि चारही वेळा तुमच्या घरच्या नेटवरून."

काहीतरी चुकलं असणार, असंच नंदिनीला वाटलं. मग ठाकूर मॅडमनी विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

तिघं. ती, तिचे मिस्टर रघुवीर, जे तुर्भ्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेले होते, आणि वरद. वीस वर्षांचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तो आतल्या खोलीच्या दारात उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पोलिसांनी त्याचा फोन चाळला, लॅपटॉप तपासायला सोबत घेतला, कागदावर सह्या घेतल्या.

"राउटर बंद करू नका," निघताना मॅडम म्हणाल्या. "रिसेट तर मुळीच नको. त्यात थोडीफार नोंद असते, ती पुसली जाईल."

दार लागलं. वरद आपल्या खोलीत गेला. एरवी ती त्याच्यामागे गेली असती. आज गेली नाही. पोलिसांनी सांगितलेल्या चार तारखा तिनं कॅलेंडरवर पाहिल्या. त्यातले तीन दिवस वरद घरीच होता, चौथ्याचं तिला आठवेना. हल्ली दार लावून बसायचा. फोन बघत एकटाच हसायचा. असल्या गोष्टी एकामागून एक आठवत गेल्या.

रघुवीरना फोन केला तर ते म्हणाले, "येतो लगेच. कुणाकडे बोलू नकोस." नेटवाल्याच्या ऑफिसला लावला तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, मागच्या भोकात पिन घाला, रिसेट मारा. सगळं ओके होईल."

"नाही मारायचं," म्हणून तिनं फोन ठेवला आणि राउटर उलटा करून त्याच्या पाठीवरचा कागद वाचायला घेतला.

सेटिंगचं पान उघडायचा पत्ता तिथंच छापलेला होता. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. फोनवर टाकताच पान चटकन उघडलं तशी ती दचकली. सात वर्षांत घरात कुणी ते बदललंच नव्हतं. आपल्याला जमलं, तर कुणालाही जमेल.

'जोडलेली उपकरणं' अशा अर्थाची एक यादी दिसली. लॅबमध्ये नळ्यांवर नावं लावते तसा तिनं कागद घेतला आणि एकेकापुढे माणूस लिहीत गेली. तीन फोन, टीव्ही, दाराचा कॅमेरा, वरदचा लॅपटॉप. रघुवीरचा फोन आणि पोलिसांनी नेलेला लॅपटॉप घरात नव्हते, तरी त्यांची नावं अजून तिथंच होती. सहा. सातवं नाव होतं 'डेस्कटॉप' आणि पुढे नुसते आकडे. घरात डेस्कटॉप नव्हताच.

तिनं यादीचा फोटो ठाकूर मॅडमना पाठवला. "आता वायफायचा पासवर्ड बदला," त्या म्हणाल्या. "परत येतो का बघू."

तिनं बदलला. नवा पासवर्ड फक्त वरदला सांगितला. सातवं नाव गेलं. अर्ध्या तासानं तिनं पुन्हा यादी उघडली, तर ते परत आलं होतं.

तिनं फोन खाली ठेवला. वरदच्या खोलीत जाऊन तिनं विचारलं, "पासवर्ड कुणाला दिलास?"

"कुणालाच नाही."

"खरं सांग. ते फोटो... तू तर नाही ना?"

वरद उठून उभा राहिला. मग फोनचं लॉक काढून तो तिच्या हातात दिला आणि पाठ फिरवली.

तो फोन तिनं उघडून पाहिला नाही. बाहेर येऊन राउटरचं एकेक पान चाळत बसली. सुरक्षेच्या पानावर 'डब्ल्यूपीएस' चालू दिसलं. खाली बारीक अक्षरांत खुलासा होता: आठ आकडी पिन दिला की पासवर्ड न घालताही जोडता येतं. म्हणजे पासवर्ड कितीही बदला, पिन ज्याच्याकडे असेल त्याला राउटर दार उघडणार. आणि तो पिन छापलेला होता पाठीवरच्या कागदावर.

तिला गणपतीतली दुपार आठवली. शेजारच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणारा, कुरिअर कंपनीत नोकरीला असलेला सनी. "काकी, माझं नेट गेलंय." मोदकांच्या घाईत तिनं राउटरच त्याच्या हातात दिला होता. "मागं लिहिलंय बघ." त्यानं त्या कागदाचा फोटो काढून घेतला होता.

ती बसली होती त्या सोफ्यामागेच त्याची भिंत होती. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नंदिनी मोरीत गेली, नळ सोडला आणि कुजबुजत ठाकूर मॅडमना सगळं सांगितलं.

"काही बदलू नका. आम्ही निघालोच. त्याला संशय येऊ देऊ नका."

पंधरा मिनिटांनी बेल वाजली. तिनं धावत दार उघडलं. समोर सनी होता.

"काकी, सकाळी कोण आलेलं? आणि तुमचं नेट मधेच गेलेलं का?"

ती चरकली. आपल्या नेटची याला काय खबर? हात मात्र दारावर स्थिर राहिला, सुई धरल्यासारखा. "लॅबची माणसं होती रे. रिपोर्टचा घोळ. नेटचं मला काय कळतंय?"

तो जागचा हलेना. तिच्या खांद्यावरून आत, राउटरकडे बघत राहिला. तेवढ्यात वरद येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. सनी हसला आणि परत गेला. नंदिनीनं दार लावून आतून कडी घातली.

पोलीस आले तेव्हा सनी बॅग भरत होता. त्याच्या लॅपटॉपलाच आपोआप 'डेस्कटॉप' असं नाव पडलं होतं; त्याचा नंबर यादीतल्या सातव्या नावाशी जुळला, ते फोटोही त्यातच सापडले. ती मुलगी त्याच्याच ऑफिसातली. तिनं लग्नाला नाही म्हटलं होतं, एवढंच.

मॅडमनी परवानगी दिल्यावर नंदिनीनं डब्ल्यूपीएस बंद केलं, ॲडमिनचा पासवर्ड बदलला. वायफायची सगळ्यात नवी सुरक्षा लावली तर जुना टीव्ही जोडला जाईना, म्हणून एक पायरी खालची ठेवली. तोवर घरी आलेले रघुवीर शेजारी बसून नुसते बघत होते.

मग ती वरदच्या खोलीत गेली.

"मी तुझ्यावर संशय घेतला."

"कळलं मला." त्यानं मान वर केली. "मीच असतो तर काय केलं असतंस?"

"तुला घेऊन मीच पोलिसांत गेले असते. रडत, पण गेले असते."

वरदनं उशी बाजूला केली. मग पलंगावर सरकून त्यानं तिला बसायला जागा केली.