फक्त कमळ काढा

मेसेज आला तेव्हा मी धुळ्यात एका अंगणवाडीच्या भिंतीवर हत्तीची सोंड रंगवत होते. ब्रश दातात धरून मोबाईल बघितला. चोपड्याच्या मयूरचा मेसेज होता : "मॅडम, रफ नानांना आवडलं. फक्त कमळ काढा. सोमवारी मीटिंगला फायनल घेऊन या."

मयूर हा चोपड्याजवळच्या एका केळी पॅकहाऊसचा मॅनेजर. शेतकऱ्यांच्या कंपनीनं ते उभं केलंय. केळी तिथं धुऊन, खोक्यांत भरून बाहेर पाठवतात. नाना त्या कंपनीचे चेअरमन. रस्त्याकडच्या लांबलचक भिंतीवर त्यांना चित्र हवं होतं आणि ते काम माझ्याकडं आलं होतं.

या कामाचं मला एवढं काय होतं, ते आधी सांगते. मी भिंती रंगवते. एटीडी केलं, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा. शिक्षकाची नोकरी काही मिळाली नाही, भिंती मात्र मिळत गेल्या. पण चित्र कधी माझं नसायचं. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवणार, "मॅडम, सेम टू सेम पाहिजे" म्हणणार आणि मी तो सेम टू सेम मोठा करणार. फोटो न दाखवणारे नाना हे पहिलेच. तुम्हाला काय सुचतं ते आणा, म्हणाले. त्या पहिल्या भेटीनंतर बाहेर पडताना मयूरनं हळूच सांगितलं होतं की सोमवारच्या मीटिंगमध्ये जमलं नाही तर नाशिकची एजन्सी तयार आहे. ते कॉम्प्युटरवरचं डिझाइन प्रिंट करून एका दिवसात चिकटवून जातात. म्हणजे एक तर माझं चित्र, नाहीतर स्टिकर.

मी पाठवलेलं रफ, म्हणजे कच्चं चित्र, साधंच होतं. केळीची बाग, मोठमोठे घड आणि घडाच्या टोकाला लोंबणारं जांभळं केळफूल. ते केळफूल मी फार हौसेनं रेखाटलं होतं. एवढ्या हिरव्यात जांभळं दुसरं मिळतं कुठं? कमळ मात्र त्यात कुठंच नव्हतं. नाही म्हणूनच काढा म्हणत असतील, असं मी धरून चालले.

डोकंच फिरलं माझं. केळीच्या बागेत कमळ? आणि कमळ म्हटलं की लोक काय काय समजतात, ते तुम्हाला सांगायला नको. उद्या निवडणूक लागली की आचारसंहितेवाले येऊन माझ्या चित्रावर कागद चिकटवून जातील. फोन करून विचारायचं ना, असं तुम्ही म्हणाल. पण मी तशी ताठ. विचारलं तर मयूरला वाटेल, हिला कमळसुद्धा येत नाही. मी "ओके" पाठवून दिलं.

माझा एक नियम आहे. भिंतीवर जायचं ते आधी स्केचबुकात टिकलं पाहिजे. मी पानावर काड्यापेटीएवढे चौकोन आखते आणि प्रत्येकात तेच चित्र वेगळ्या मांडणीनं करून बघते. याला आम्ही थंबनेल म्हणतो. चूक करायला यापेक्षा स्वस्त जागा नाही. त्या रात्री जेवणं उरकल्यावर मी कमळाचे चौकोन भरायला बसले. शेततळ्यात कमळ करून बघितलं, तर तळ्यानं बागच खाऊन टाकली. कोपऱ्यात कमळ केलं, ते लग्नपत्रिकेतून पळून आल्यासारखं दिसायला लागलं. मधोमध केलं आणि वर घड ठेवला, तेव्हा तर त्यावर लक्ष्मी बसवायची तेवढी राहिली. पानंच्या पानं गेली. एकही चौकोन जमेना.

खोटं कशाला बोलू, एकदा मनात आलं की टाकावं एक कमळ कोपऱ्यात आणि मोकळं व्हावं. आजवर कमी का सेम टू सेम केलंय? पण या वेळी ते करायचं नव्हतं. मला ही भिंत हवी होती, आणि माझ्या चित्रासकट हवी होती.

शेवटी स्केचबुक पिशवीत टाकलं आणि चोपड्याची एसटी धरली. बागेत जाऊन बघायचं ठरवलं, कमळाला कुठं जागा सापडते का ते. सातपुड्याच्या बाजूला नानांच्या भावाची बाग आहे. ती त्यांच्या वहिनी, वत्सलाअक्का, स्वतः बघतात. बाई उंच, आवाज त्याहून उंच. मी चित्रवाली म्हटल्यावर त्यांनी मला बांधावर बसवलं, चहा दिला आणि आपल्या कामाला लागल्या.

मी पेन्सिल काढली. माणूस कामात असला की मी त्याचे नाकडोळे बघत नाही, फक्त हालचालीची रेघ पकडते. पाठ कशी वाकली, वजन कोणत्या पायावर आहे, एवढंच. ती रेघ सापडली की पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं. अक्का घडाखाली जायच्या, टाचा उचलायच्या, हात वर करून केळफूल धरायच्या आणि एका झटक्यात मोडायच्या. पुढच्या झाडाखाली पुन्हा तेच. टाचेपासून बोटांपर्यंत अशी सुंदर रेघ, की मी पान उलटायचंही विसरले आणि एकावर एक काढत सुटले.

बघायला म्हणून मी अगदी जवळ गेले, तर मोडलेल्या देठातून चिकाचा थेंब बरोबर माझ्या पानावर पडला. केळीचा चीक कपड्यावरून जन्मात जात नाही, कागदावरून काय जाणार? अक्का हसल्या. मी अहिराणीतच विचारलं, हे काय चाललंय तुमचं?

"काय म्हंजे? कमळ काढानं चालू शे."

मी म्हटलं, काय काढणं चालू आहे?

"कमळ. हाई कमळच ना. ऱ्हाऊ दिधं ते बठ्ठं बळ त्यामा जास. घड भरस नही." म्हणजे ते तसंच राहू दिलं तर झाडाची सगळी ताकद त्यात जाते आणि घड भरत नाही.

मी मागं सरून बांधावर बसले. आमच्या धुळ्याकडं कापूस, बाजरी, कांदा. केळी आम्ही डझनानं विकत घेऊन खातो. आमच्यासाठी ते केळफूल, त्याची भाजी करायची. इकडं त्याला कमळ म्हणतात आणि ते काढतात, म्हणजे मोडून टाकतात. नाना सांगत होते, भरलेल्या घडाला कमळ ठेवू नका, लोक म्हणतील यांना शेती येत नाही. आणि मी पठ्ठी लक्ष्मीचं कमळ काढत बसलेली. बांधावर एकटीच हसत सुटले. अक्कांना वाटलं असेल, बाईला ऊन लागलं.

आता फूल पुसून रफ परत पाठवलं असतं तरी काम भागलं असतं. पण माझ्या पानांवर अक्कांचा तो वर गेलेला हात होता. त्यांना विचारलं, तुम्हालाच भिंतीवर घेऊ का? त्या म्हणाल्या, घे, पण पदर नीट काढ. घरी येऊन पुन्हा काड्यापेट्या आखल्या. अक्का समोरून केल्या, पाठीमागून केल्या, आणि मग अगदी खालून वर बघितल्यासारख्या केल्या. तो चौकोन पूर्ण होताच मी उठून उभी राहिले. हात, हातात कमळ, वर आभाळभर घड. चिकाचा डाग एव्हाना काळपट तपकिरी झाला होता. तोच रंग मी देठाला घेतला.

सोमवारी मीटिंगला टेबलावर एका बाजूला एजन्सीचं चकचकीत डिझाइन, दुसऱ्या बाजूला माझं चित्र. मयूरनं बघितलं आणि त्याचा चेहराच पडला.

"मॅडम, कमळ काढायला सांगितलं होतं. तुम्ही तर मधोमध आणलं."

"नाना," मी म्हटलं, "या बाई काय करताहेत?"

नानांनी चष्मा वर केला. बराच वेळ हाताकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं. "ही तर वहिनी," ते म्हणाले. "कमळ काढतेय."

"मग झालं तर. मी कमळ काढलं, आणि त्याही कमळ काढताहेत."

नानांनी माझं स्केचबुक ओढून घेतलं आणि पानं मागं मागं उलटत गेले. ती लग्नपत्रिकेतली कमळं आली तशी विचारलं, "ताई, हाई काय काढेल शे?" म्हणजे हे काय काढलंय. मला खरं ते सांगावं लागलं. अख्खी मीटिंग हसली. मयूर तर इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. हसणं ओसरल्यावर नानांनी एजन्सीच्या डिझाइनमधल्या शेतकऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कोणत्या गावचा. मयूर म्हणाला, कुठलाच नाही, कॉम्प्युटरनं बनवलाय. नानांनी तो कागद उलटा ठेवला आणि मला विचारलं, रंग कधी आणताय?

चौकटी आखून चित्र भिंतीवर मोठं केलं, परांचीवर चढून रंगवलं. काम संपल्यावर वत्सलाअक्का जीपमधून बघायला आल्या. पदर नीट आहे का, ते आधी तपासलं. मग मान मागं टाकून वर बघत राहिल्या. "आते हाऊ घड भरी," म्हणाल्या. आता हा घड भरेल. कोपऱ्यात मी नेहमी मोबाईल नंबर टाकते. तिथं या वेळी माझं नाव घातलं, पूर्ण, आडनावासकट. इतकी वर्षं भिंती रंगवल्या, पण स्वतःच्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

आता मेसेजमध्ये "काढा" दिसलं की मी आधी फोन लावते आणि विचारते, रंगवू की पुसू? लोकांना ही बाई विचित्र वाटते. वाटू दे. ती सगळी कमळं मी स्केचबुकातून फाडलेली नाहीत. चुकीचं कमळ कुठंतरी उमलायचंच असेल, तर भिंतीपेक्षा तिथं बरं.