टेहळणी गाडीत अकरा सीट

कासाच्या नाक्यावर मिथुनची जीप कशी भरते, ते एकदा कानांनी ऐकायला हवं. "सायवन, सायवन, सायवन! ओ मावशी, पाटी मांडीवर घ्या, तिला वेगळी सीट नाय. काका, गुडघा आत. अजून एक, फक्त एक!" असे 'फक्त एक' तीन वेळा झाले की अकरा माणसं होतात, आणि मग मिथुनला गाडी भरल्यासारखी वाटते. दहाच माणसं असली तर त्याचा पाय क्लचवर जातच नाही.

गाडी भरेपर्यंत तो मोबाइलवर रणगाड्यांचा गेम खेळायचा. सगळे मोठ्या तोफेच्या मागे लागायचे. याचा जीव मात्र टेहळणीच्या गाडीवर. हलकी चिलखती गाडी, लढायची नाही. पुढं जायचं, शत्रू कुठं आहे ते बघायचं आणि जिवंत परत येऊन सांगायचं. पण गेममधली ती गाडी जुनाट. चढावर धापा टाकायची आणि परत वळेपर्यंत मार खायची. गेमवाल्यांच्या साइटवर खेळणारे स्वतः नव्या गाड्या सुचवायचे. ज्या सूचनेला जास्त मतं, तिचा विचार व्हायचा. मिथुनने ठरवलं, याच गाडीची सुधारलेली आवृत्ती आपण मांडायची.

इंग्रजी त्याने तलासरीला बारावीपर्यंत रेटलेलं होतं, उरलेलं मोबाइल सांभाळून घ्यायचा. पण गाडी कशी सुधारायची हे मोबाइलला विचारून काय उपयोग? त्यासाठी लडक्याकाका होते.

लडक्याकाकांचं गॅरेज चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्याला, चिंचेखाली. चौथी पास माणूस, पण इंजिनाशी असा बोलायचा की समोरच्याला वाटावं, दोघं सोयरे आहेत. "कसा खर्र-खर्र करतोय, ऐक. याला सर्दी झाली. फिल्टर बघ." मिथुनला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं, सायवनच्या चढावर गाडी मागे न घसरता उचलायलाही त्यांनीच.

मिथुनने मोबाइल पुढे धरून गाडी दाखवली. काकांनी हात पुसले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही बघायला जाते ना? मग हिला वळायला कशाला लावतोस? वळली का आडवी होते, आडवी झाली का गेली. जितकी पुढं पळते तितकीच उलटी पळू दे. रिवर्सचे पण चार गियर टाक."

"आनि बघनाऱ्याचं डोकं? ते तर वर काढावं लागंल."

"डोकं बांधाच्या वर काढतंच कोन? गाडी बांधामागं ठेव. कॅमेरा काठीवर चढव. नुसता डोळा वर."

आठ दिवस दुपारच्या फेऱ्यांच्या मध्ये दोघं बसले. ऑइलच्या खोक्याच्या पाठीवर काका खिळ्याने रेघा ओढायचे, मिथुन वहीत उतरवायचा. स्प्रिंगची पाती किती, वजन कुठं, पुढं खडक लागला तर काय वाकेल, काय तुटेल. शेवटी काका म्हणाले, "मानसं तीन. एक चालवील, एक बघंल, एक वायरलेसवर. चौथा नको, उगाच गप्पा मारतो."

तीन. मिथुनने ऐकलंही, मान हलवलीही. पण साइटवरचा फॉर्म त्याने भरला नाक्यावर, जीपच्या बॉनेटला टेकून, एकीकडे "फक्त एक!" ओरडत. 'किती माणसं बसतील' असा रकाना आला आणि अंगठ्याने आपसूक अकरा टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइट उघडली तर मतं पडत होती, आणि त्यांच्याखाली हसू. पोलंडचा एक म्हणाला, ही टेहळणी आहे की लग्नाचं वऱ्हाड? कुणी चित्र काढलं होतं: चिलखती गाडी, दारांतून पाय बाहेर लोंबतायत, टपावर कोंबड्या. ब्राझीलच्या एकाने विचारलं, शत्रू दिसला की तिकीट फाडायचं का?

मिथुनचे कान तापले. नाक्यावर कुणाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी त्याने मोबाइल छातीशी धरला. मग पटापट उत्तर लिहिलं: तो आकडा गॅरेजमधल्या माझ्या हेल्परने टाकला. शिकलेला नाही, त्याला यातलं काही कळत नाही. खरा आकडा तीन.

हसणं थांबलं. कुणीतरी विचारलं, आणि ते चार रिवर्स गियर आणि काठीवरचा कॅमेरा? ते जबरदस्त आहे, ते कुणाचं?

माझं, असं मिथुनने लिहिलं.

मतं भराभर वाढली. तीनशे, सातशे. आणि दर शंभराला तो मोबाइल उलटा करून सीटवर ठेवायचा.

बुधवारी दुपारी काकांनीच हाक मारली. त्यांची पोरगी प्रगती डहाणूच्या कॉलेजातून आली होती. "ये रं! परगती वाचून दाखवते, परदेशी लोक आपल्या गाडीला काय बोलतात ते. तू सांगतोस ते अर्धंच सांगतोस."

पळायला जागा नव्हती. काकांनी त्याच्यासाठी स्वतःचं स्टूल पुसून दिलं.

प्रगती वाचायला लागली. पोलंडचा नाकातून वाचला, ब्राझीलचा हेल काढून. काका मांडीवर थाप मारून हसत होते. "वऱ्हाड! आयला! पन अकरा कुनी टाकले?" मिथुन जमिनीवरचा ऑइलचा डाग बघत राहिला. प्रगतीचं बोट पुढं सरकलं आणि थांबलं. तिने एकदा मिथुनकडे पाहिलं. मग तिचा आवाज सपाट झाला.

"चुकून पडले, असं लिहिलंय. आनि रिवर्सचं लई आवडलं त्यांना. विचारतात, कुनाचं डोकं."

"मग? काय लिहिलंय यानं?"

"तुमचं नाव लिहिलंय, बाबा."

काका उठून टपरीवर गेले आणि चहा सांगून आले, टपरीवाल्याला सांगताना त्यांचा आवाज रस्त्यापलीकडून ऐकू येत होता: "परदेशात, परदेशात! नावानिशी!"

प्रगती हळूच म्हणाली, "दादा, मी बापाशी कधी खोटं बोलले नव्हते. आज बोलले. तू सांगतोस का मी सांगू?"

मिथुनने चहा तसाच ठेवला. त्याने सायवनची एक फेरी मारली. अकरा माणसं होती, पण मोजली कुणी? वाटेत एक म्हातारी दोनदा म्हणाली, "माझा फाटा आला रं, मला उतरव." परत येऊन त्याने जीप थेट चिंचेखाली लावली. काका जॅक लावून कुणाच्या तरी टेंपोखाली आडवे होऊन काम करत होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. बरं झालं, त्याला वाटलं. पायांना सांगणं सोपं.

त्याने सगळं सांगितलं. अकराचा आकडा, हेल्पर, शिकलेला नाही, माझं. प्रगतीने तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते वगळलं आणि तुमचं नाव आपल्या मनाने घातलं, तेही.

पाय हलले नाहीत. पान्याचा आवाज तेवढा थांबला. मग काका सरकत बाहेर आले आणि मातीतच बसले.

"शिकलेला नाय, ते खरं हाय. त्याचं काय? चौथी म्हंजे चौथी." त्यांनी पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पन हेल्पर? कुनाचा हेल्पर रं मी? तुझा?"

मिथुन पुढं सरकला. "काका, मी..."

"तुला पयला गियर मी टाकून दिला. तुझा पाय पुरत नव्हता तवा." आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "काढ मोबाइल. लिही."

मिथुनने तिथंच, मातीत उकिडवं बसून लिहिलं. अकराचा आकडा माझा, मी शेअर जीप चालवतो, सवयीने टाकला. मी खोटं बोललो. रिवर्सचे गियर आणि काठीवरचा डोळा लडक्याकाकांचा. ते मेकॅनिक आहेत, मी त्यांच्याकडे शिकलो. आणि पाठवून दिलं. क्षणात पोलंडवाला आला: तर मग तूच तो बसवाला! त्याच्यामागे हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

मिथुनने मोबाइल उचलून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "काका, मी असं लिहिलंय, अकराचा आकडा..."

"तू नको." काकांनी हात वर केला. घराकडे तोंड करून हाक मारली, "परगते! ये गं जरा. हा काय लिहितो ते वाच. एक शब्द सोडू नको."

प्रगती आली. मिथुनने मोबाइल तिच्या हातात दिला आणि आपले हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. ती वाचत होती, शब्द शब्द तोडून, मराठी करून. काका तिच्या ओठांकडे बघत होते, मिथुनकडे नाही. संपल्यावर ते म्हणाले,

"परत वाच."