निर्मळची वाडी, बुटातला साप आणि माझ्या पापण्या

आचोळ्याहून निर्मळला स्कूटरने अर्धा तास लागतो, उड्डाणपुलावर गर्दी असली तर पाऊण. एवढ्या प्रवासासाठी मी पंधरा दिवस तयारी केली, हे आधीच कबूल करतो.

माझी बायको सुजाता शाळेत शिकवते. तिच्यासोबत शिकवणाऱ्या ग्रेसच्या वडिलांची, म्हणजे पास्कलकाकांची, निर्मळला केळीची वाडी आहे. दिवाळीच्या सुट्टीत ‘दोन दिवस राहायला या’ असं त्यांचं आमंत्रण आलं. सुजाताने एक पिशवी भरली. मी नेटवर वाचत बसलो. सापाचे बहुतेक दंश घोट्याच्या खाली होतात असं कुठेतरी वाचलं, म्हणून घोट्याच्या वर चार बोटं येणारे जाडजूड बूट घेतले. शिवाय काठी, विजेरी आणि तीन प्रकारची मलमं.

“अरे, आपण जंगलात चाललोय की केळी खायला?” सुजाताने विचारलं. मी विजेरीचे सेल तपासत राहिलो. जाणकार माणसाने अशा वेळी गप्प राहावं.

पहिला दिवस

सकाळी लवकर निघा. सोपारा गावातून पुढे गेलं की इमारती विरळ होतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. हा पट्टा स्कूटरने नाही, सायकलने करायला हवा, माझ्यासारखे बूट न घालता. टेकडीवरच्या देवळात आधी दर्शन घ्या, मग खाली तलावाकाठी बसा. पेट्रोल शंभराचं टाकलं होतं, तेही उरलं.

पास्कलकाका सत्तरीचे, लुंगी आणि बनियन, पाय अनवाणी. माझ्या बुटांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. “भाऊ, पुलीसमध्ये आहात काय?” असं विचारून ते आत चहा सांगायला गेले.

जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि वालाची उसळ होती. शेवटी सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी. मी किती खाल्ली ते सुजाताने मोजलंय, मी नाही.

दुपारी काकांनी वाडी दाखवली. तिथे पहिल्या अर्ध्या तासात मला लाल मुंग्या चावल्या, खाजकुयली लागली आणि एका गांधीलमाशीने कानामागे डंख केला. तिन्ही मलमं संपली. काका अनवाणी पुढे चालत होते, त्यांना काहीच होत नव्हतं. मग मी पाण्याच्या पाटात पाय घातला आणि दोन्ही बूट काठोकाठ भरले.

काकांना माझी दया आली. “ठेवा इथे, सकाळपर्यंत खडखडीत करून देतो,” म्हणत त्यांनी बूट उचलले, आत केळीची सुकी पानं गच्च कोंबली आणि पाणी तापवायच्या बंबाशेजारी लाकडांच्या ढिगाला टेकवून ठेवले. वाडीतली ही जुनी पद्धत आहे. ओल ओढून घ्यायला सुक्या पानासारखं काही नाही, आणि बंबाची ऊबही मिळते. काका स्वतः कधी बूट घालत नाहीत, त्यामुळे त्या उबदार, सुक्या, अंधाऱ्या जागेचा आणखी कुणी विचार करेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुसरा दिवस

सकाळी सात. सुजाता ‘वाडीतली सकाळ’ असा व्हिडिओ काढत होती. मी अंगणात बसून डाव्या बुटातली पानं उपसली आणि पाय घातला. काहीतरी टोचलं. पानाचं देठ राहिलं असेल म्हणून मी बूट उलटा केला. शेवटच्या पानाबरोबर दीड हात लांबीचं काळं, अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेलं काहीतरी खाली पडलं आणि लाकडांत शिरलं. अंगठ्याशेजारी दोन बारीक ठिपके होते.

“मण्यार!” मी ओरडलो.

“कवड्या असेल,” काका म्हणाले, पण बोलता बोलता त्यांनी मला लाकडांपासून दूर ओढलं. कवड्या बिनविषारी. मण्यारीचं विष काय करतं ते मी पंधरा दिवसांत पाठ केलं होतं. दुखत नाही, सूजही येत नाही. आधी पापण्या मिटू लागतात, मग श्वास. मला काहीच दुखत नव्हतं, आणि त्यानेच माझी पाचावर धारण बसली.

सुजाताने व्हिडिओ लावून पाहिला. चौदा सेकंद मी नाचताना दिसतो. साप अर्धा सेकंद, तोही शेपटीकडून आणि धूसर. ती क्लिप आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेली. पाच मिनिटांत सात निदानं आली आणि एकाने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

तोवर शेजाऱ्यांनी गावातल्या मांत्रिकाला फोन केला होता. तो स्कूटरवरून आला, हेल्मेट न काढताच माझा पाय पाहिला आणि काकांवर खेकसला, “याला इथे काय बसवून ठेवलाय? सरकारी दवाखान्यात न्या आधी! मला गेल्या साली चावला तवा मी पन तिथंच गेलतो.” मंत्र-तंत्र काही नाही. उलट पाय हलवू नका, दोरी बांधू नका, कापाकापी करू नका, असं बजावून तो निघूनही गेला. मी त्याचा जन्मभर ऋणी आहे.

दारात शेजाऱ्यांचा फुलांचा टेम्पो उभा होता. पाय हलू नये म्हणून तो छत्रीला सैलसर बांधून मला झेंडू आणि मोगऱ्याच्या करंड्यांमध्ये आडवं केलं. सुजाता उशाशी, काका पायाशी, हातात जपमाळ. निर्मळच्या नाक्यावर टेम्पो अडकला तेव्हा एका बाईने आमच्याकडे पाहून क्रूसाची खूण केली आणि शेजारच्या आजोबांनी टोपी काढली. मी हात हलवला. आजोबा मागे सरकले.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. सुजाताने व्हिडिओ पुढे केला, तिने तो बाजूला सारला. “मी सापावर नाही, माणसावर उपचार करते. लक्षणं दिसली तर लगेच औषध चालू करू. चोवीस तास इथेच ठेवायचं.” मग तिने मला वर बघायला लावलं, एका श्वासात आकडे मोजायला लावले. एकतीसपर्यंत गेलो. ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली.

“पापण्या जरा खाली वाटतायत. नेहमी अशाच असतात का?”

सुजाताने फोन काढला. माझे दोन दिवसांचे दोनशे फोटो, सगळ्यांत गॉगल. आधारकार्डावरच्या फोटोत तर मला आधीच मण्यार चावलेली दिसते.

“तुम्ही सांगा ना,” डॉक्टर सुजाताला म्हणाली. “बायको ना तुम्ही?”

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांचा संसार. “मला… नक्की नाही सांगता येत,” ती म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. सबंध प्रवासात मला खरी भीती वाटली ती त्या क्षणी. विषाची नाही. आपण गेलो तर आपल्या पापण्या कशा होत्या हे जगात कुणालाच ठाऊक नसेल, याची.

सुजाताने खुर्ची ओढली, माझ्या तोंडासमोर बसली आणि बघू लागली. “डोळे उघड. वर बघ. आता मिट.” दर दहा मिनिटांनी. पहिल्या तासाला मला हसू येत होतं, तिसऱ्या तासाला रडू आलं. संध्याकाळी काका घरून डबा घेऊन आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. “टीचर, ती पानं मी भरली,” एवढंच म्हणाले. सुजाता माझ्यावरची नजर न हलवता म्हणाली, “काका, बूट तुम्ही नाही भिजवलेत. बसा.” ते बसले. रात्रभर तिघेही जागे होतो, त्यांतला मी सक्तीने.

सकाळी डॉक्टर आली. मी चौतीसपर्यंत मोजलं. “आणि पापण्या?”

“डावी उजवीपेक्षा किंचित खाली, काल सकाळपासून तेवढीच,” सुजाता खडाखडा बोलली. “चहाच्या आधी दोन्ही जास्त. उजव्या पापणीच्या कडेला तीळ आहे. दचकला की डावी आधी लवते.”

डॉक्टरने घरी सोडायच्या कागदावर सही केली. साप कुठला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी

तुम्ही निर्मळला जाणार असाल तर जरूर जा. सुकेळी घेऊन या, कुठलीही पादत्राणं घालण्याआधी झटका, आणि काही चावलंच तर थेट दवाखाना गाठा. बूट मी काकांना देऊ केले, ते नको म्हणाले.

घरी आल्यावर दुपारी चहा घेताना सुजाता सहज म्हणाली, “आता तू सांग. डोळे मिटून. माझे कसे आहेत?”

मी डोळे मिटले. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक, कवड्याचे मानेकडे, हे मी झोपेतही सांगेन. सुजाताच्या डोळ्यांबद्दल मला एक ओळ सुचेना.

मी डोळे उघडले, चहा बाजूला ठेवला, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसलो.

“वर बघ,” मी म्हणालो.