दोन पायल्यांचे लिटर

धम्मपालजी बालाघाटात तीस वर्षं कंपाउंडर होते. अंदाजानं केलेली कुठलीही गोष्ट त्यांना सोसत नसे. घरी चहासुद्धा ते मिलिलिटरमध्ये मागत, आणि बायको तो कपातच देई.

यंदा बुद्धपौर्णिमेची विहारातली खीर त्यांच्याकडे आली. इतकी वर्षं ती त्यांच्या वहिनी, तुळसाबाई, करत. पण त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, चुलीजवळ जायला मनाई. तीनशे माणसं येणार. खीर बिघडली तर वॉर्डात वर्षभर तोंड लपवून फिरावं लागेल, हे धम्मपालजींना पक्कं ठाऊक होतं.

"तांदूळ दोन पायल्या, दूध ऐंशी लिटर," वहिनींनी सांगितलं.

"पायली म्हणजे किती लिटर?"

"पायली म्हणजे पायली जी, भाऊजी! तिले का ताप आला, मोजून पाहाले?"

धम्मपालजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वहिनींची धान्य मोजायची लोखंडी पायली घरी नेली, काठोकाठ पाणी भरलं, ते मिलिलिटरच्या खुणांच्या मापानं मोजलं. तीन लिटर सहाशे. म्हणजे दोन पायल्या सात लिटर दोनशे. पायली लगेच पोचती केली. आता तिची गरजच उरली नव्हती.

पौर्णिमेला बरोबर तेवढेच तांदूळ दुधात पडले. दहा वाजले, लोक जमू लागले, तरी डावातून नुसतं दूधच गळत होतं. शेवटी त्यांनीच वहिनींना बोलावणं धाडलं. काळा चष्मा लावून तुळसाबाई आल्या, लांबूनच पाहिलं.

"काहून जी, खीर हाय का खोकल्याची दवा?"

"एक मिलीची चूक नाही, वहिनी. पायली पाण्यानं मोजली मी."

"पाण्यानं?" त्या हसता हसता खाली बसल्या. "पाण्याले शीग येते का? काठाच्या वर डोंगर झाला, तवा पायली भरली म्हणतो आपण. तुमी डोंगरच घरी ठेवून आले!"

मग दोन शिगांचे तांदूळ आले, भरड वाटून खिरीत पडले, आणि अर्ध्या तासात खीर आळली. सगळ्यांना पुरली, दुसऱ्यांदा मागणारेही निघाले.

लामत्याहून आलेल्या गीताबाई म्हणाल्या, "भाऊ, मस्त झाली. आमच्या विहारासाठी माप सांगा ना. तांदूळ किती लिटर?"

धम्मपालजींनी सांगायला तोंड उघडलं. बाजूला वहिनी मोठ्या उत्सुकतेनं ऐकत होत्या.

"तांदूळ वहिनीले विचारा," ते म्हणाले. "माझ्याकडे फक्त दुधाचं माप हाय."